गाजरगवताचा अर्क: डिशमध्ये आणि कुंडीत

गाजरगवताच्या पानांत पार्थेनिन असते, शिवाय फेरुलिक, कॅफिक यांसारखी फिनॉलिक आम्लेही असतात. पावसाच्या पाण्याने किंवा गवत कुजताना ही द्रव्ये जमिनीत उतरतात आणि शेजारच्या बीजांची वाढ रोखतात. १९५५ च्या सुमारास पुण्यात आढळलेले हे तण आज देशभर फुकट मिळते, त्यामुळे वनस्पतिशास्त्राचे बरेच विद्यार्थी अर्काचे प्रयोग त्यावरच करतात. प्रस्तुत लेखकानेही तेच केले.

गवत हातमोजे घालूनच उपटावे लागते, नाहीतर कातडीला खाज सुटते. पाने सावलीत वाळवून दळतात. ही पूड डिस्टिल्ड वॉटरमध्ये दिवसभर भिजवून गाळली, की चहाच्या रंगाचा अर्क मिळतो. तो कमीअधिक पातळ करून पेट्री डिशमधल्या गाळणकागदावरील मुगाला देतात. एका डिशला नुसते पाणी.

मूग सोशिक निघाला. पातळ अर्कात मोड नेहमीसारखे आले, पण मुळे आखूड राहिली; दाट अर्कात ती टोकाशी तपकिरी पडली. म्हणजे उगवणीची टक्केवारी पुरेशी नाही, मुळांना पट्टी लावावीच लागते. दाट अर्कात क्षारही भरपूर असतात, त्यामुळे बीजाला पाणीच ओढता आले नसेल, ही शंका उरतेच. तितक्याच परासरण दाबाच्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणाशी तुलना केल्याशिवाय दोष रसायनांवर टाकता येत नाही. विद्यार्थ्यांच्या अहवालांत नेमकी हीच तुलना सर्रास गाळलेली असते.

कुंडीत चित्र बदलले. बागेतल्या मातीत तोच अर्क ओतूनही मूग बराचसा नीट वाढला. ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेल्या मातीत मात्र खुरटला. (वाफेने मातीची रसायनेही बदलतात, म्हणून अशा मातीचीही नुसत्या पाण्याची एक कुंडी हवीच.) अर्कातले काही रेणू चिकणमातीला आणि सेंद्रिय द्रव्याला चिकटून बसतात, उरलेल्या बऱ्याच रेणूंचा फडशा जिवाणू आणि बुरशा पाडतात. फिनॉलिक आम्ले हा त्यांच्यापैकी अनेकांना कार्बनचा आयता पुरवठा. मात्र त्या बळावर वाढताना ते जमिनीतला नायट्रोजनही ओढून घेतात आणि रोपे काही काळ पिवळट दिसू शकतात.

सगळ्या जिवाणूंना वनस्पतींचे अर्क मानवत नाहीत. कडुनिंबाच्या बियांतले घटक नायट्रोसोमोनास जिवाणूंचे काम मंदावतात, त्यामुळे अमोनियमचे नायट्रेट होणे लांबते. निमलेपित युरियामागे हेच तत्त्व आहे. २०१५ मध्ये देशातल्या उत्पादकांना सगळ्या अनुदानित युरियाला असा लेप देणे बंधनकारक झाले.

जिवाणूंवरचा परिणाम अजमावताना आगार प्लेटवरच्या वसाहतींवर फार विसंबू नये, कारण मातीतले बहुसंख्य जिवाणू तिथे वाढतच नाहीत. बंद बरणीत मातीशेजारी अल्कलीची वाटी ठेवून तिने शोषलेला कार्बन डायऑक्साइड मोजला, तर सगळ्या मातीच्या श्वसनाचा अंदाज येतो. अर्क दिल्यावर सुरुवातीला हे श्वसन बहुधा वाढते. त्यावरून माती सुधारली असा अर्थ काढता येत नाही. साखरेचे पाणी दिले तरी ते असेच वाढते.