रात्रीचा थेंब

बुबुळावर जिवाणूंचा अल्सर झाला की बाजारातल्या तयार थेंबांनी भागत नाही, असं माझं वर्षानुवर्षं ठाम मत होतं. खरे थेंब म्हणजे रुग्णालयात बनवलेले. सेफाझोलिनची ५०० मिलिग्रॅमची कुपी १० मिलिलिटरमध्ये विरघळवली की ५ टक्क्यांचं औषध तयार होतं. जोडीला तीव्र केलेलं टोब्रामायसिन. भिलाईजवळच्या उतईहून कुणी डोळ्यावर गमछा धरून आलं आणि बुबुळावर पांढरा डाग दिसला, की मी त्याला या थेंबांसाठी थेट रायपूरची वाट दाखवायची.

आता तसं करत नाही. या औषधाची बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते आणि थोड्याच दिवसांत तिची ताकद उतरते. शिवाय हे थेंब फार झोंबतात. झोंबलं की माणूस पुढचा थेंब हळूच चुकवतो. मॉक्सिफ्लॉक्सासिनसारखे तयार थेंब आणि हे कडक थेंब यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत बहुतेक रुग्णांचे डोळे जवळपास सारखेच बरे झाले, हे मी वाचलं होतं. पटत मात्र नव्हतं.

पटलं ते उतईच्या एका घरामुळे. मिंजाईच्या, म्हणजे धानाच्या मळणीच्या, दिवसांत तिथल्या एका शेतकऱ्याच्या डोळ्यात धानाचं कूस गेलं. रायपूरला न्यायला लगेच कुणी मोकळं नव्हतं, म्हणून तपासणीसाठी डागाची खरवड घेऊन मी तयार थेंब लिहून दिले आणि दोन दिवस दर तासाला घालायला सांगितले. त्याच्या सुनेनं विचारलं, “रात को भी, मैडम?” म्हटलं, रात्रीही. तिनं मोबाइलवर तासातासाचे गजर लावले. हात धुवायची, खालची पापणी बोटानं ओढून एकच थेंब सोडायची, ओघळलेलं स्वच्छ कापडानं टिपायची. ती दोघं परत आली तेव्हा डागाच्या कडा आखडलेल्या होत्या आणि डोळ्याच्या तळाशी साचलेला पू उतरणीला लागला होता.

तासातासाचा हा आग्रह उगीच नसतो. बुबुळाला रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे पोटातून घेतलेलं औषध तिथवर पुरेसं पोचत नाही. घातलेल्या थेंबातलंही बरंचसं गालावर ओघळतं आणि उरलेलं अश्रू काही मिनिटांत धुऊन नेतात. स्यूडोमोनाससारखा जंतू दिवसा-दोन दिवसांत बुबुळ वितळवू शकतो. अशा जंतूला रात्रभर मोकळं रान मिळालं, तर सकाळी कितीही कडक औषध घाला, उपयोग होत नाही. मी औषधाच्या ताकदीचा हिशेब करत राहिले होते. डोळा वाचतो की जातो, हे बरंचसं रात्री उठणाऱ्या माणसावर ठरतं.

दोन गोष्टी मात्र मी अजूनही सोडलेल्या नाहीत. पहिला थेंब पडण्याआधी खरवड घ्यायचीच. धानाच्या मुलखात बुबुळावरचा डाग बुरशीचाही असतो. १९९४ मध्ये मदुराईला झालेल्या पाहणीत जंतू सापडलेल्या रुग्णांत बुरशी आणि जिवाणू जवळपास निम्मे निम्मे निघाले होते. बुरशीवर हे थेंब काही करत नाहीत, तिथे नाटामायसिन लागतं. आणि लाली चटकन उतरते म्हणून दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालणं, ही तर डोळा घालवायची हमखास वाट आहे.

अल्सर मोठा, खोल असला किंवा दोन दिवसांत वळला नाही, तर कडक थेंब आणि रायपूर आहेच. पण आता चिठ्ठी लिहिण्याआधी मी विचारते, रात्री थेंब कोण घालणार? मागच्या हंगामात एका म्हातारीनं, घरी कुणी नाही, पोरं कामाला बाहेरगावी, असं सांगितलं. तिचा अल्सर लहान होता. तरी मी तिच्या हातात नुसती बाटली दिली नाही. दोन रात्रींसाठी तिला भरती करून घेतलं.