पायरी चढून बाथरूम

लॉजची खोली उघडून दिली की लोक आधी गादी दाबून बघतात, चादर उलटून बघतात. मी बाथरूमचं दार बघतो. आत जायला पायरी चढावी लागत असेल, तर ते बाथरूम मूळ इमारतीतलं नाही, मागाहून घुसवलेलं आहे. रात्र कशी जाणार याचा निम्मा अंदाज मला तिथेच येतो. इमारतींमधल्या पाण्याची आणि सांडपाण्याची आखणी हा माझा धंदा, त्यामुळे नजर आधी तिकडेच जाते.

एसटी स्टँडसमोर खाली दुकानं आणि वर लॉज, अशा जुन्या इमारतींत संडास-न्हाणीघर मजल्याच्या टोकाला, सगळ्यांना मिळून असे. पुढे गिऱ्हाईक ‘अटॅच्ड’ मागू लागलं. नव्या बांधकामात बाथरूमखालचा स्लॅब मुद्दाम फूटभर खाली सोडतात, म्हणजे पाइप फरशीच्या पोटात जातात. जुन्या सपाट स्लॅबला ती सोय नाही. मग खोलीचा एक कोपरा विटांनी अडवायचा, पाइप स्लॅबवरच आडवे टाकायचे आणि विटांच्या तुकड्यांची भर घालून वर फरशी बसवायची. पायरी येते ती अशी. ती फार उंच होऊ नये म्हणून पाइपचा उतार मारला जातो आणि न्हाणी ट्रॅपही उथळ बसवतात.

न्हाणी ट्रॅप म्हणजे मोरीच्या जाळीखालचं वाकडं भांडं. त्यात साठून राहणारं साधारण ५० मिलिमीटर पाणी गटारातली हवा अडवतं. उथळ ट्रॅपात तेवढंही नसतं. तालुक्याचा लॉज लग्नसराईत भरलेला, एरवी अर्धा रिकामा. उन्हाळ्यात खोली काही आठवडे बंद राहिली की हे पाणी उडून जातं आणि गटाराला थेट खोलीत वाट मिळते.

मराठवाड्यातल्या एका गावी कामानिमित्त गेलो, तेव्हा मला अशीच खोली मिळाली. दार उघडताच वास आला. पोऱ्याने उदबत्ती लावली आणि म्हणाला, “साहेब, रूम बरेच दिवस बंद होती ना, म्हणून.” निदान अचूक होतं, औषध तेवढं चुकलं. मी बादलीभर पाणी जाळीत ओतलं, पंखा लावून दार उघडं ठेवलं. तासाभरात वास गेला. उशालगतची भिंत मात्र ओलीच होती, कारण पलीकडे तेच बाथरूम. एकुलता एक प्लग दाराजवळ, आणि झरोक्याला प्लायवूड ठोकलेलं, एसी लावला म्हणून.

‘गरम पाणी सकाळी ६ ते ८’ अशी पाटी होती. सहाला नळ सोडला, तर पाणी गार. खाली विचारलं, तर उत्तर आलं, “दहा मिनिटं नळ सोडून ठेवा, येतं.” सोलर गच्चीवर आणि माझी खोली पहिल्या मजल्याच्या पार टोकाला. मधला २० मिलिमीटरचा पाइप तीस मीटर धरला, तरी त्यात नऊ लिटरहून जास्त पाणी मावतं आणि रात्रभरात ते सगळं निवतं. म्हणजे आंघोळीआधी अर्धी बादली पाणी गटारात सोडायचं. आणि हे कुठे, तर लातूरच्या शेजारात, जिथे एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पाइपला वेष्टन, परतीची एक लाइन आणि छोटा पंप, एवढ्यावर हा अपव्यय थांबतो.

शॉवरचं गणित याच्या उलट. टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल, तर दाब साधारण १ बार मिळतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर हे अंतर जेमतेम दोन-तीन मीटर, म्हणजे पाव बार. त्यात बोअरच्या क्षारांनी शॉवरची भोकं बुजलेली. म्हणून सोलरच्या लॉजमध्ये गरम पाणी लवकर हवं असेल तर वरची खोली मागावी, शॉवरला जोर हवा असेल तर खालची. दोन्ही हवं असेल, तर बादली बरी.

या सगळ्या गैरसोयी झाल्या. बंद बाथरूममधला गॅस गिझर मात्र जिवावरचा. हवा अपुरी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास, ना रंग. गिझर आत आणि झरोका बंद, अशी खोली मी घेतच नाही.

मालक भला माणूस होता. त्यांनी दर्शनी भागावर लावलेले नवे चकचकीत पत्रे दाखवले, रंग बदलणारी पाटी आणि काउंटरसमोरचा सोफाही दाखवला. “आता जुनं वाटत नाही ना?” “समोरून नाही वाटत,” मी म्हणालो. मग त्यांनी मागच्या बाजूच्या खोल्या दाखवल्या, पैसे संपल्यामुळे तशाच राहिलेल्या. त्या जास्त करून ड्रायव्हर लोक घेतात. बाथरूम बाहेर, उघडणारी मोठी खिडकी, वर झरोका. भिंती कोरड्या, वासाचा मागमूस नाही. इमारत तीच, वयही तेच. जुनेपणाने त्या लॉजचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते डागडुजीने. भिंतीआड पैसा न घालता सगळा दर्शनी भागावर घातला की असंच होतं.

यात आपला, पाहुण्यांचाही वाटा आहे. आपण निघताना ‘हॉटेल फार जुनाट आहे’ एवढंच म्हणतो. ते ऐकून मालक रंगाऱ्याला बोलावतो. तेव्हा तक्रार नेमकी करावी: जाळीतून वास येतो, गरम पाण्याआधी अर्धी बादली वाया जाते, झरोका बंद आहे. असं सांगितलं तर निदान प्लंबरला फोन जाईल. रिकाम्या खोल्यांच्या मोऱ्यांत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतायला तर प्लंबरही लागत नाही.