गुण्या नावाचा परीक्षक

अमेरिकेत घरीच शिकणाऱ्या मुलग्यांसाठी आठवड्यातून एक दिवस भरणाऱ्या हस्तोद्योग वर्गांकडे शाळेची उणीव भरून काढणारी सोय म्हणून पाहिले जाते. परंतु त्यांचे खरे कार्य गृहशिक्षणातील एका मूलभूत अडचणीशी निगडित आहे. गृहशिक्षण म्हणजे मुलाला शाळेत न घालता त्याच्या शिक्षणाची जबाबदारी पालकांनी स्वतः उचलणे. शिक्षणतज्ज्ञ जॉन होल्ट यांनी १९७७मध्ये या विचाराला वाहिलेले नियतकालिक सुरू केले आणि १९९३पर्यंत तेथील सर्व राज्यांत या पद्धतीला कायदेशीर वाट मिळाली. मात्र या व्यवस्थेत आई किंवा वडील हेच शिक्षक आणि तेच परीक्षक असतात, त्यामुळे उत्तर चुकल्याचे सांगणे आणि मुलावर रागावणे यांतील सीमारेषा सहज पुसट होते.

या वर्गांतील लाकूडकाम ही सीमारेषा पुन्हा स्पष्ट करते, आणि त्यामागे सुमारे दीडशे वर्षांची परंपरा आहे. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नांमुळे १८६६मध्ये ग्रामीण लोकशाळांतील मुलग्यांना हस्तकाम सक्तीचे झाले. पुढे स्वीडनमधील नेस येथे ऑटो सॉलोमन यांनी त्याला ‘स्लॉइड’ या नावाने, म्हणजे हस्तकौशल्यातून शिक्षण या अर्थाने, शास्त्रशुद्ध रूप दिले. गुस्ताफ लार्सन यांनी १८८८मध्ये ही पद्धत बोस्टनमध्ये नेली. सुतार घडवणे हा स्लॉइडचा हेतू नव्हता. घरात वापरता येतील अशा वस्तूंची सोप्याकडून अवघडाकडे जाणारी मालिका प्रत्येक मुलाने आपापल्या गतीने पूर्ण करावी, आणि त्यातून सुबकपणा, चिकाटी व स्वावलंबन अंगी बाणावे, अशी तिची मांडणी होती.

या मालिकेत पहिले हत्यार बहुधा चाकू असते, कारण लाकडाच्या तंतूंची दिशा त्यातूनच प्रथम हाताला समजते. तंतूंच्या उलट दिशेने चाकू किंवा रंधा चालवला, तर लाकूड गुळगुळीत होण्याऐवजी त्याचे टवके उडतात. पुढे फळीची कड काटकोनात आली की नाही हे गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याचे साधन, लावून पाहिले जाते आणि गुण्या व लाकूड यांच्या फटीतून उजेड दिसला, तर चूक कोणी सांगावी लागत नाही. कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसवायचे टोक, सैल झाले तर युक्तिवादाने घट्ट होत नाही. मध्ये जाणारा आठवडाही येथे उपयोगी पडतो: सरसाने जोडलेला सांधा वाळतो, आणि अर्धवट राहिलेली वस्तू मुलाच्या विचारात घोळत राहते.

हे वर्ग केवळ मुलग्यांसाठी असण्याचे शैक्षणिक समर्थन मात्र दुबळे आहे. मुलग्यांना लाकूड आणि मुलींना शिवणकाम ही जुनी श्रमविभागणी होती. स्लॉइडच्या माहेरी, स्वीडनमध्येच, आज दोन्ही प्रकारची हस्तकला सर्व मुलामुलींना शिकवली जाते.

महाराष्ट्राला ही दिशा अपरिचित नाही. वर्ध्यात १९३७च्या परिषदेत मांडल्या गेलेल्या नयी तालीमने उत्पादक हस्तोद्योगाला शिक्षणाचे केंद्र मानले, तर डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये पाबळ येथे स्थापलेल्या विज्ञान आश्रमाने आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामाला देणारा अभ्यासक्रम माध्यमिक शाळांत नेला. शाळेत अशा दिवसामुळे पुस्तकी ज्ञानाला हातांची जोड मिळते. गृहशिक्षणात त्याचा लाभ आणखी निराळा असतो. निवाडा गुण्याकडे सोपवला गेल्यामुळे पालकाला परीक्षकाच्या खुर्चीतून उठता येते आणि मुलाच्या शेजारी उभे राहून, त्याच्याबरोबरच, फटीतला उजेड पाहता येतो.