घोर

आमचा बोको घोरतो. मांजराची घुरघुर वेगळी. ती श्वास घेताना आणि सोडताना सलग चालू असते, आणि मांजर जागं असताना. हा गाढ झोपतो, श्वास आत ओढताना खर्रर्र करतो, सोडताना नुसतं फुस्स.

त्याच्या घोरण्याचा पत्ता लागला तो जत्रेत. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा दीड दिवसाची, पण मसुऱ्यातल्या घरांत चाकरमानी आठवडाभर. ओटीवर अकरा जण ओळीने निजले होते. सकाळी चहाला सगळे मुंबईच्या काकांवर तुटून पडले. काका शपथा घेत राहिले. दुसऱ्या रात्री कुणीतरी बॅटरी मारली, तर काका टक्क जागे आणि त्यांच्या पायथ्याशी बोको उताणा, तोंड अर्धवट उघडं, खालचा ओठ दर श्वासाला थरथरतोय.

मला मात्र तो आवाज ओळखीचा वाटला. याच ओटीवर आजो निजायचा. नळ्यांवर पाऊस कोसळत असला तरी त्याच्या वर आजोचं घोरणं ऐकू यायचं. मी कानावर गोधडी ओढायचो. आजी म्हणायची, "घोरता तवसर भय नाय. गप रवलो की उठान बघूचा." एका पावसाळ्यात ती अशीच उठली, आणि उजाडेपर्यंत त्याच्या उशाशी बसून राहिली.

पुढे परळच्या खोलीत माझी तीस वर्षं गेली. तिथे सुरुवातीला महिनाभर झोप आली नाही. लोकांना वाटलं, गोंगाटामुळे.

बोक्याला आंब्याच्या पेटीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला. आवाज नवा की जुना, शिंकतो का, नाक वाहतं का, जागेपणीही घरघरतो का, असं त्यांनी खोदून विचारलं. पर्शियन मांजरं घोरतात ती चपट्या नाकामुळे. आमच्याचं नाक चांगलं लांब. कधी गवताची काडी टाळूच्या मागे अडकते, कधी तिथे मांसाची गाठ वाढते. तसं काही नव्हतं. त्यांनी त्याला काट्यावर ठेवला: ६ किलो ८०० ग्रॅम. चरबीने श्वासाची वाट आवळली होती. खाणं कमी करा, म्हणाले, आणि झोपेत श्वास मोजा. मिनिटाला तिसाच्या वर जायला लागले तर लगेच घेऊन या.

खाणं कमी करणं आमच्या हातात कुठे होतं? तो तीन घरी जेवतो. शेजारच्या काकींना सांगायला गेलो, तर त्या उलट माझ्यावरच उखडल्या. "दोन पेडव्यांची डोकी घातलंय, ता काय जेवाण झाला?"

तेव्हा राहिलं श्वास मोजणं. घोरतो तो, घोर मला. रात्री मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्या बरगडीकडे बघत बसतो. बरगडी वर गेली, खाली आली, की एक. बावीस. कधी चोवीस. मधेच आवाज थांबला की माझाही श्वास अडकतो. मग तो कूस बदलतो, पंजा नाकावर घेतो आणि पुन्हा खर्रर्र. आताशा मोजता मोजता माझाच डोळा लागतो.

परवा पहाटे जाग आली तर बायको माझ्या उशाशी बसलेली. हातात माझंच घड्याळ. बोको तिच्या मांडीवर, टक्क जागा.

"सतरा," ती म्हणाली. "नीज आता."