भाईजानची गन

शीर्षक वाचून दचकू नका. गन म्हणजे सिलिकॉनची गन, खिडकीच्या चौकटीत आणि सिंकच्या कडेला पांढरा पट्टा भरतात ती. तरी दुकानदाराशी फोनवर ‘चांगली गन हवीय, बॅटरीवाली’ असं बोलताना मी स्टाफरूममध्ये एकदा इकडेतिकडे पाहिलं होतं. आमच्यासारख्यांना ही सवय लागते.

मिरजेत भाईजानचं छोटं वर्कशॉप आहे. किचन ट्रॉल्या, अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, आरसे. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट सकाळी मिटलेलंच राहू लागलं. दुसऱ्या हाताने सरळ करावं लागे आणि करताना कट्ट असा आवाज येई. डॉक्टर म्हणाले, याला ट्रिगर फिंगर म्हणतात. भाईजान हसले, “पंचवीस वर्षं ट्रिगरच दाबतोय, दुसरं काय होणार?” उर्दूत खटक्याला ‘लबलबी’ म्हणतात. इतका गोड शब्द इतक्या दुखऱ्या गोष्टीसाठी वापरावा लागेल असं वाटलं नव्हतं.

पण खरं हसू त्या महिन्यातच गेलं. एका फ्लॅटमध्ये ओट्याच्या कडेचा पट्टा नागमोडी आला. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं त्यावरून बोट फिरवलं. भाईजाननी सगळा पट्टा ब्लेडने कापून काढला आणि दुसऱ्या दिवशी फुकट भरून दिला.

मी आधी सोपा उपाय शोधला: जास्त जोराची हातगन. या गनांवर १२:१, १८:१, २६:१ असे आकडे असतात. म्हणजे तुम्ही जितका जोर लावता त्याच्या तितके पट जोर आतल्या चकतीवर पडतो. मला वाटलं, २६:१ घेतली की काम झालं. भाईजाननी माझा हिशेब तिथेच मोडला. जोर कमी लागतो, पण दांडा प्रत्येक दाबाला थोडाच सरकतो. म्हणजे तेवढ्याच पट्ट्याला दुप्पट वेळा दाबायचं. त्यांचं बोट तर दाबण्याच्या संख्येनेच दुखत होतं. मी बीएडला ‘कृतीतून शिक्षण’ शिकले, हे मात्र त्यांच्याकडून शिकले.

हवेवर चालणारी गन वर्कशॉपमध्ये चालली असती, पॉलिशसाठी कॉम्प्रेसर आहेच. पण तो तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार? निम्मं काम लोकांच्या घरी असतं.

राहिली बॅटरीची. १२ व्होल्टची हलकी, साध्या सिलिकॉनला पुरते. पण भाईजान पॅनेल चिकटवायला घट्ट पीयू चिकटा वापरतात, कधी ६०० मिलीचं सॉसेज पॅकही लागतं. तिथे १८ व्होल्टच हवी. ती जड. भरलेल्या ट्यूबसकट डोक्याच्या वर धरून बघा, मनगट सांगतं. शेवटी निर्णय लागला तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर: त्यांचं ड्रिल १८ व्होल्टचं आहे, आणि त्याच कंपनीच्या गनला तीच बॅटरी बसते. चार्जर-बॅटरीचे पैसे वाचले. माझं ऐकाल तर गन बघायच्या आधी घरातलं ड्रिल बघा.

दुकानात मी ताकदीचे आकडे वाचत होते. भाईजाननी एकच गोष्ट पाहिली. अर्धी ट्यूब लावून खटका दाबला, सोडला आणि नोझलच्या टोकाकडे बघत राहिले. चांगल्या गनमध्ये बोट काढताच दांडा किंचित मागे येतो, त्यामुळे माल गळत राहत नाही. मग वेग कमी-जास्त करायची चकती फिरवून पाहिली आणि मान हलवली. मी कार्ड पुढे केलं तेव्हा म्हणाले, “तू कशाला?” मी म्हटलं, “राहू दे ना, भाईजान.” त्यांनी बाहेर बघितलं.

पहिला आठवडा वाईट गेला. हातगनची लय असते: दाबा, थांबा, सरका. या गनमधून माल अखंड येतो, आणि हात सवयीने थांबला की तिथे गोळा साचतो. प्रत्येक कोपऱ्यावर गोळा! कामावरचा पोरगा तोंड लपवून हसायचा. भाईजान रविवारी शटर अर्धं ओढून प्लायच्या तुकड्यांवर रेघा मारत बसले, सर्वांत कमी वेगावर, माझ्या पहिलीतल्या मुलांसारख्या. जुम्म्यापर्यंत रेघा सरळ आल्या. बोट अजून सकाळी अडकतं, पण सोडवायला आता दुसरा हात लागत नाही.

परवा त्यांची हिशेबाची वही चाळली. आमच्याकडे बोलणं दखनीत, हिशेब मराठीत. एका पानावर माझं नाव, गनची किंमत, खाली दोन महिन्यांचे हप्ते ‘दिले’ म्हणून लिहिलेले. ते पैसे भाभीने माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवले होते, मी ईदीचे समजले होते. मग मी जुन्या वह्या काढल्या आणि माझ्या बीएडच्या फीचं पान शोधत बसले. ते वर्ष सापडलं. प्लायवूड आहे, बिजागऱ्या आहेत, मजुरी आहे. माझं नाव कुठेच नाही.