रॉकेलची सवय

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांची पेट घेणाऱ्या द्रवाशी पहिली ओळख रॉकेलमुळे झाली. रेशनच्या दुकानापुढची रांग, डबा, नरसाळं, वातीचा स्टोव्ह, सगळं आठवत असेल. रॉकेल सांडलं तर फडक्यानं पुसायचं, खिडकी उघडायची, संपलं. काडी लावली तर पेटतं, नाहीतर बिचारं गप्प पडून असतं. ही समजूत रॉकेलपुरती बरीचशी खरी आहे. पण देश सोडल्यावर रॉकेल सुटलं, समजूत मात्र सामानाबरोबर इथपर्यंत आली.

मी मिडवेस्टमधल्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यात सुरक्षिततेचं काम पाहतो. आपण ज्यात पुऱ्या तळतो ते 'व्हेजिटेबल ऑइल' बहुधा सोयाबीनचंच असतं. ते दाण्यातून काढायला हेक्झेन वापरतात. नंतर ते तापवून उडवतात आणि थंड करून पुन्हा कामाला घेतात. दिसायला पाण्यासारखं, वास पेट्रोलच्या जातीचा.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ या. द्रव जळत नाही, त्याची वाफ जळते. ठिणगी पडताच पेट घेईल इतकी वाफ ज्या तापमानाला निघू लागते, तो त्याचा फ्लॅश पॉइंट. रॉकेलचा ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर. हेक्झेनचा शून्याखाली सुमारे २२, पेट्रोलचा शून्याखाली जवळजवळ ४०. म्हणजे बाहेर बर्फ पडत असतानाही पेट्रोल पेटायला तयारच! शिवाय हेक्झेनची वाफ हवेच्या तिप्पट जड. ती वर न जाता पाण्यासारखी जमिनीलगत वाहते, खोलगट जागी साचते, आणि दिसत नाही. हवेत ती फक्त एक-सव्वा टक्का झाली तरी स्फोटाला पुरते.

केंटकीतल्या लुईव्हिल शहरानं हे अनुभवलं आहे. १३ फेब्रुवारी १९८१ च्या पहाटे एका सोयाबीन कारखान्यातून हेक्झेन गटारात गेलं होतं. वाफ भुयारी गटारांतून पसरली, वरून जाणाऱ्या एका मोटारीची ठिणगी तिला मिळाली असं मानतात, आणि दोन मैलांहून अधिक लांबीचे रस्ते उखडले गेले. पहाटेची वेळ, रस्ते रिकामे, म्हणून सुदैवानं कुणी दगावलं नाही. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ही हकिकत सांगतात.

हे घरी सांगायची वेळ बाबा आले तेव्हा आली. थंडीचे दिवस, गॅरेजचं दार बंद. बाबांनी लॉनमोअरचे तेलकट भाग काढून ताटलीत मांडले होते आणि पेट्रोलचा कॅन उघडायच्या बेतात होते.

"बाबा, थांबा! पेट्रोल नको."

"अरे, तुझं काहीतरीच! सायकलची चेन जन्मभर रॉकेलनं धुतली मी. इथे काडी कुठे आहे?"

मी सात-आठ फुटांवरच्या जुन्या वॉटर हीटरकडे बोट दाखवलं. त्याच्या तळाशी पायलटची निळी ज्योत चोवीस तास जळत असते. "काडी ती आहे, बाबा. आणि वाफ जमिनीवरून तिच्याकडे चालत जाईल."

बाबा वाकून ज्योत बघून आले. मग म्हणाले, "म्हणजे हे रॉकेलचं भावंड नव्हे." भाग आम्ही साबणाच्या गरम पाण्यानं धुतले. पुढच्या पॉटलकला ज्योतीची गोष्ट बाबांनीच चार घरांना सांगितली.

म्हणून थोडं हक्कानं सांगतो. पेट्रोल इंजिनासाठी, धुण्यापुसण्यासाठी नव्हे. त्याचा कॅन घरात किंवा हीटरजवळ नको, वेगळ्या शेडमध्ये ठेवा. पंपावर कॅन गाडीच्या डिकीत ठेवून भरू नका, जमिनीवर ठेवा आणि नळीचं तोंड कॅनला टेकवून भरा. हिवाळ्यात दाराच्या मुठीला हात लावल्यावर चट्‌कन बसतो ना, तेवढा झटका वाफेला पुरून उरतो. म्हणून पेट्रोल भरताना गाडीत जाऊन बसू नका. बसलातच, तर उतरल्यावर नळीपासून दूर गाडीच्या पत्र्याला आधी हात लावा. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अॅसिटोनही याच जातीचं, तेव्हा मुलींनी ते निरांजनाजवळ उघडू नये. उरलेलं काहीही सिंकमध्ये ओतू नका. काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या. आणि रिकामा कॅन निरुपद्रवी समजू नका, त्यात वाफ भरलेली असते. आमच्याकडे रिकाम्या टाकीची हवा मीटरनं तपासल्याशिवाय वेल्डिंगला परवानगी नाही. नाकावर विसंबायचं नाही, कारण थोड्या वेळानं नाक वासाला सरावतं.

हा अंक हाती येईल तेव्हा लॉनमोअर आत ठेवायचे दिवस आले असतील. आपला तो लाल कॅन कुठे आहे, तेवढं आजच बघून या.