बोल्निसीच्या दारावरची अक्षरं

त्बिलिसीच्या दिदुबे स्थानकातून म्त्स्खेताला मार्श्रुत्का सुटतात. आपल्याकडच्या वडापसारखीच रीत: गाडी भरली की निघायचं. अर्ध्या तासात मत्क्वारी आणि अराग्वी या नद्यांचा संगम दिसतो आणि संगमावर ही जुनी राजधानी. चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात राजा मिरियानने इथेच ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याच्याही सहाशे वर्षं आधी, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात, फार्नवाझ राजाने कार्तलीचं राज्य उभारलं आणि जॉर्जियन अक्षरंही त्यानेच घडवली, असं लेओंती म्रोवेलीच्या नावावर असलेली बखर सांगते. बखर अकराव्या शतकातली. जॉर्जियात फार्नवाझ आजही लोकांच्या मनातून हललेला नाही, आणि म्त्स्खेतातल्या स्वेतित्सखोवेली कॅथेड्रलच्या भिंतीपाशी उभं राहिल्यावर ती ओढ मला पूर्ण समजली. एवढं जुनं गाव, मग त्याची अक्षरंही तितकीच जुनी असावीत, असं वाटतंच.

पण त्बिलिसीच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक दगड आहे. तो पाहिल्यापासून माझा फार्नवाझवरचा विश्वास डळमळला. १९४० साली म्त्स्खेताजवळच्या अर्माझीत सापडलेली ही सेरापिता नावाच्या तरुणीची समाधिशिला. वर ग्रीक, खाली अरामाईक. राजदरबारातल्या मोठ्या घराण्यातली ही मुलगी एकविसाव्या वर्षी गेली. तिच्या रूपाला तोड नव्हती, असं शिला सांगते. काळ इसवी सनाचं दुसरं शतक. राजाने स्वतः घडवलेली लिपी त्या वेळी चारशे वर्षं वापरात असती, तर लाडक्या लेकीचा शोक करताना या घराण्याने परक्या दोन भाषांकडे का वळावं? तळाशी एखादी तरी जॉर्जियन ओळ असती. ती नाही.

दुसरा दावा शेजारच्या आर्मेनियाचा. मेस्रोप माश्तोत्सने ४०५ च्या सुमारास आर्मेनियन लिपी तयार केली. त्याचा शिष्य कोर्युन याने लिहिलेलं गुरुचरित्र म्हणतं, की माश्तोत्सनेच पुढे जॉर्जियनांना आणि कॉकेशसमधल्या अल्बानियनांनाही लिपी दिली. थोर जॉर्जियन इतिहासकार इवाने जावाखिश्विली यांच्या मते हा मजकूर मागाहून घुसडलेला आहे. चरित्राच्या उपलब्ध प्रती कोर्युननंतर कित्येक शतकांनी उतरवलेल्या असल्यामुळे ही शंका फोल म्हणता येत नाही. तरी कोर्युनला खोटं ठरवायची घाई करू नये. अल्बानियन लिपीचा थांगपत्ता नव्हता, तेव्हा ती दंतकथाच वाटायची. १९३७ मध्ये ती एका आर्मेनियन हस्तलिखितात सापडली, आणि शोधून काढली ती इलिया अबुलाद्झे या जॉर्जियन अभ्यासकाने! हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. दोन देशांत मालकीचा वाद पेटलेला, आणि एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूच्या साक्षीदाराला बळ देतो.

दगडावरची जॉर्जियन अक्षरं मात्र बोल्निसीला जाऊनच पाहावीत. त्बिलिसीच्या नैर्ऋत्येला, शहर मागे टाकलं की शेतं लागतात. बोल्निसीपासून थोडं पुढे, खेड्यात सियोनी चर्च आहे. तीन दालनांचं, बुटकं, भक्कम, हिरवट-पिवळसर दगडाचं. इराणचा सासानी सम्राट पेरोझ याच्या कारकिर्दीच्या विसाव्या वर्षी काम सुरू झालं आणि पंधरा वर्षांनी पुरं झालं, असं उत्तरेकडच्या दारावरचा लेख सांगतो. हिशेब ४९३-९४ वर येऊन थांबतो. लेखाच्या मध्यभागी वर्तुळात क्रूस आणि त्याच्या दोन्ही अंगांना असोमतावरुली, म्हणजे जॉर्जियन लिपीच्या सर्वांत जुन्या वळणाची, अक्षरं: सगळी एका उंचीची, अर्धगोल आणि सरळ रेघांनी बांधलेली. हात कुठे चाचपडलेला दिसत नाही. बेथलेहेमजवळच्या बिर अल-कुत्त इथल्या जॉर्जियन मठाच्या फरशीवरचे काही लेख तर याहून जुने, साधारण ४३० च्या आसपासचे मानतात. मायदेशापासून इतक्या दूर, पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातच ही लिपी पोहोचली असेल, तर तिचा जन्म त्याआधीचा धरायला हवा. काखेतीतल्या नेक्रेसीचे लेख पहिल्या ते तिसऱ्या शतकातले आहेत असा दावा झाला आहे, पण बहुतेक अभ्यासकांना तो पटलेला नाही.

या वादात भाषाशास्त्रज्ञ तमाझ गामक्रेलिद्झे यांचा युक्तिवाद मला सर्वांत भावतो. जॉर्जियन अक्षरं आकडे म्हणूनही वापरली जात, आणि त्यांचा क्रम ग्रीक वर्णमालेच्या मागोमाग चालतो. ग्रीकमध्ये नसलेले बरेचसे ध्वनी ओळ संपल्यावर शेवटी जोडले आहेत. या शेवटच्या गटाकडे मराठी माणसाने थांबून पाहावं. ‘चमचा’तला च आणि ‘चिमणी’तला च आपण एकाच अक्षराने लिहितो, जॉर्जियनमध्ये दोन्हींना वेगळी अक्षरं आहेत. वर त्या प्रत्येकाचे दोन प्रकार: एक श्वास सोडून म्हणायचा, दुसरा घसा क्षणभर आवळून झटक्यात सोडायचा. चर्चच्या आवारात भेटलेल्या आजींनी मला तो फरक पुन्हा पुन्हा म्हणून दाखवला. मला ऐकू यायचा, जिभेवर यायचा नाही.

म्हणून मला वाटतं, की ही लिपी चर्चबरोबर, मिरियाननंतरच्या पिढ्यांमध्ये आली. नमुना ग्रीक होता. आणि घडवणाऱ्याच्या कानावर ही भाषा लहानपणापासून पडलेली होती. माश्तोत्सला जॉर्जियन येत नव्हती. खुद्द कोर्युनच सांगतो, की जागाय नावाचा एक शिकलेला, श्रद्धाळू दुभाषा त्याच्या सोबत होता. फार्नवाझ की माश्तोत्स, या भांडणात जागायचं नाव कोणी फारसं घेत नाही. कोर्युनची हकिकत खरी धरली, तर प्रत्येक आवाज वेगळा काढून माश्तोत्सपुढे ठेवणारा तोच असणार.